तिरप्या लाटांचा काठ

पालुपीने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या शर्टाच्या आत एक नवरी होती.

भर दुपारी पाऊस कोसळत होता. सोलो शहरातल्या त्रिविंदूच्या बाजारामागची आमची गल्ली घोट्यापर्यंत भरली होती. तेवढ्यात एक माणूस पोटाशी काहीतरी घट्ट धरून धावत दुकानात शिरला आणि शिरल्याशिरल्या शर्टाची बटणं सोडू लागला.

"अहो! हे काय चालवलंय?" पालुपीने हातातलं कटर उगारलं.

"थांबा, थांबा! लग्नाचा फोटो आहे. छत्री नव्हती... मग नवरीला ठेवणार कुठे?"

"आणि नवरदेव?"

"तोही आहे. पण तो जरा भिजला."

पालुपीला हसू आलं. गिऱ्हाइकासमोर हसायचं नाही ही बुलिकची शिस्त. बुलिक म्हणजे तिची मावशी, वार्सी. दुकान तिचं, घर तिचं, आणि पालुपीचं सगळं पालनपोषणही तिचंच. आईबाप सरकारी जमीन मिळाली म्हणून समुद्रापलीकडे लाम्पुंगला गेले तेव्हा पालुपी दुसरीत होती. शाळा बुडेल म्हणून तिला इथे ठेवलं, ती इथलीच झाली. आता तेविसाव्या वर्षी सोलो शहरातल्या निम्म्या भिंतींवरचे फोटो तिच्या हाताखालून गेले होते.

काम साधं. फोटोभोवती जाड पुठ्ठ्याचा काठ कापायचा, त्यावर बाटिकचं कापड ताणून चिकटवायचं, कोपरे जुळवायचे, मग काच आणि लाकूड. साधं म्हणायचं एवढंच, कारण चारही कोपऱ्यांत नक्षीतलं फूल न तुटता वळवणं हे भल्याभल्यांना जमत नाही. पालुपीला जमायचं.

भिजलेला माणूस आता कापडाच्या गुंडाळ्या न्याहाळत होता. "हा! ह्या तिरप्या लाटा... नवरीच्या केसांतल्या मोगऱ्याशी कसल्या शोभतील. हाच काठ लावा."

पालुपीने ती गुंडाळी त्याच्या हातातून हिसकावूनच घेतली.

"लग्नाच्या फोटोला परांग? तुम्ही कुठले हो?"

"बंजरमासीनचा. बोटीने आलोय. नाव आर्दी. चौकातल्या स्टुडिओत लागलोय, येता लग्नांचा महिना संपेपर्यंत."

"तरीच! अहो, लग्नाला परांग नेसत नाहीत, पांघरत नाहीत, जवळसुद्धा आणत नाहीत. संसारात भांडणं लागतात. ज्या घरी असा फोटो जाईल त्या घरचे लोक काय समजतील? की आम्हाला हे लग्न मोडायचंय!"

"एवढं सगळं ह्या लाटांत?"

"हो. लक्षात ठेवा. लग्नाला परांग नाही. कधीच नाही."

"ठेवलं." त्याने ओले केस मागे सारले आणि तिच्याकडे नीट पाहिलं, जरा जास्तच वेळ. "मी एकदा ऐकलेलं विसरत नाही."

हे वाक्य पुढे पालुपीला किती छळणार होतं, हे तेव्हा तिला माहीत नव्हतं.

*

आमच्याकडे बेसार महिना म्हणजे लग्नांचा महिना. तो संपला की सुरो लागतो, आणि सुरोत लग्नाचं नाव काढत नाहीत. त्यामुळे सगळ्यांची घाई. आर्दी एक दिवसाआड येऊ लागला. मग रोज. कधी फोटो घेऊन, कधी फोटो न्यायला, आणि कधी... नुसताच.

"आज काय काम?" पालुपी विचारायची.

"काम? हां, परवाच्या काठाचा हिरवा रंग जरा गडद वाटला."

"तो तपकिरी होता."

"तेच सांगायला आलो."

सुरुवातीला त्याला काठाचं प्रेम मुळीच नव्हतं. "फोटो चांगला असला की त्याला सजवायचं कशाला?" असं तो म्हणाला तेव्हा पालुपीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग तुम्ही लग्नात बनियनवर का जात नाही? माणूस चांगला असला की झालं की!" आतल्या खोलीतून बुलिक खो खो हसली. आर्दीचे कान लाल झाले.

मग एका दुपारी तिने त्याला दाखवूनच दिलं. टेबलावर त्याचा एक फोटो होता. मांडवातली गर्दी, पाहुणे, फुलं, मधे नवरी. पालुपीने पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे फोटोवर ठेवले आणि हळूहळू आत सरकवत नेले. पाहुणे गेले, फुलं गेली. शेवटी उरली ती नवरीची बोटं. तिने आपल्या बापाच्या बाहीचं टोक धरून ठेवलं होतं.

"हे..." आर्दी वाकून बघत राहिला. "हे मला दिसलंच नव्हतं."

"तुम्हीच काढलाय."

"काढला मी. दाखवला तुम्ही."

त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता. दोघांनाही ते कळलं होतं, आणि दोघांपैकी कुणीच सरकलं नाही. दिवसभर मग पालुपीचा तो खांदा जणू वेगळाच कुणाचा असल्यासारखा तिला जाणवत राहिला.

तेव्हापासून तिच्या जिवाला चैन पडेना. गल्लीत सायकलची घंटा वाजली की मान वर. कापड उलटं चिकटव, चहात साखर दोनदा घाल... बुलिक म्हणाली, "तुझं लक्ष कुठं असतं गं?" पालुपी म्हणाली, "उकडतंय." बाहेर पाऊस पडत होता.

आर्दीने हळूहळू काम शिकून घेतलं. कटर कसं धरायचं, खळ किती पातळ ठेवायची, सगळं. तीन कोपरे सुरेख करायचा, चौथा नेहमी फसायचा. "चौथ्या कोपऱ्यापर्यंत येईस्तोवर मला दुसरंच काहीतरी सुचायला लागतं," तो म्हणायचा. काय सुचतं ते पालुपीने कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का... हेही तिला कळेना.

*

आणि मग क्लातेन गावाहून निरोप आला.

मुलगा प्रमोनो. शाळेत विज्ञान शिकवतो, स्वभावाने गरीब, घरची शेती. त्याच्या आईने बुलिककडे पालुपीचा फोटो मागितला होता. सुरो लागायच्या आत ठरवून टाकू, म्हणजे पुढच्या बेसारला लग्न. बुलिकचा आनंद पोटात मावेना.

"काय गं, पाठवू ना?"

आता पालुपीने "नको" म्हणायचं होतं. एवढंच. पण आमच्या मुली थोरांच्या तोंडावर नको म्हणत नाहीत. जिने सोळा वर्षं ताटात आधी वाढलं आणि मग स्वतः घेतलं, तिला तर नाहीच. पालुपी म्हणाली, "तू म्हणशील तसं." आणि मागच्या अंगणात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला बसली.

फोटो काढायला बुलिकने बोलावलं कुणाला, तर आर्दीला.

अंगणात, जास्वंदीजवळ, स्टुलावर पालुपी बसली. कॅमेऱ्यामागे त्याचा चेहरा लपला होता.

"हसा जरा."

"कुणासाठी?"

त्याने कॅमेऱ्याची लेन्स फिरवली. "क्लातेनसाठी."

"क्लातेनसाठी मला एवढंच हसू येतं."

"मग... कुणासाठी जास्त येतं?"

पालुपीने दचकून मान वर केली आणि तेवढ्यात कॅमेरा खट्कन वाजला. आर्दीने रोल गुंडाळला, बुलिकचा चहासुद्धा न घेता निघून गेला. बेसार संपला की तोही जाणार होता. इथे त्याला भाड्याची खोली, उसनी सायकल. असा माणूस कुणाच्या दारात जाऊन काय मागणार? हे त्याला कळत होतं, तिलाही कळत होतं, आणि कळून दोघांचाही काही उपयोग होत नव्हता.

बुलिकचा एक नेम होता. आपल्या फोटोला आपल्या हाताने काठ लावायचा नाही, तो दुसऱ्याच्या हातूनच लागला पाहिजे. ती स्वतः लावणार होती, पण नेमकं त्याच दिवशी शेजारच्या लग्नघरी स्वयंपाकाला हात लावायला तिला पहाटेच जावं लागलं. आपल्याकडे शेजाऱ्याच्या लग्नात चूल पेटली आणि तुम्ही गेला नाहीत, तर वर्षभर तोंड दाखवायला जागा नाही. जाताना ती सांगून गेली, "आर्दीला म्हणावं, फोटो आणशील तेव्हा सिदो आसिहचा काठ लाव. चार वाजता क्लातेनची गाडी येईल, तिच्याबरोबर द्या."

सिदो आसिह म्हणजे प्रेम लाभो. नवरा-नवरीचं कापड.

पालुपीने निरोप दिला. आर्दीने नुसती मान हलवली. समोर बसून ते बघणं तिला शक्य नव्हतं, म्हणून एक फोटो पोचवायच्या निमित्ताने ती सायकलरिक्षात बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला, लावेयानपर्यंत गेली. परतली तेव्हा तीन वाजून गेले होते. आर्दी बोटाला रुमाल गुंडाळत होता. टेबलावर चौकट पालथी पडली होती.

"काय झालं बोटाला?"

"कटर लागलं. काही नाही." त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "झालंय. बघून घ्या." आणि सायकल घेऊन निघून गेला.

पालुपीने चौकट उलटली.

फोटो तोच होता, "कुणासाठी जास्त येतं?" ह्या प्रश्नावर दचकलेली पालुपी. डोळ्यांत सगळं उघडं पडलेलं. आणि भोवती काठ, तिरप्या लाटांचा. परांग!

चार वाजायला अर्धा तास होता. काठ सोडवून दुसरा लावायला पालुपीला वीस मिनिटं पुरत. सिदो आसिहची गुंडाळी समोरच्या फळीवर होती. तिने हात लांबवलासुद्धा.

मग तो हात तिने मागे घेतला. खाकी कागद काढला, चौकट गुंडाळली, सुतळी बांधली, एक गाठ, दुसरी गाठ, उगाच तिसरी गाठ. गाडी आली तेव्हा तिने पुडकं स्वतःच्या हाताने ड्रायव्हरच्या मांडीवर ठेवलं.

*

पुढचे नऊ दिवस पालुपी कशी जगली ते तिचं तिलाच ठाऊक.

क्लातेनचे लोक काय म्हणतील ही धाकधूक होतीच. पण ती वरवरची. खालची टोचणी वेगळीच होती. त्याने मुद्दाम केलं, की चुकून? परांगच्या सगळ्या गुंडाळ्या बुलिक बेसार लागताच पत्र्याच्या पेटीत घालून ठेवायची. पण चिंध्यांच्या टोपलीत तुकडे पडलेले असत, आणि फोटो छोटाच होता. परक्या माणसाला सगळी कापडं सारखीच तपकिरी दिसतात. हाताला आलं ते लावलं असेल. म्हणजे तिने पहिल्या दिवशी सांगितलेलं तो विसरला. म्हणजे तिचं बोलणं त्याने कधी ऐकलंच नाही. म्हणजे सगळे खेळ तिच्याच मनाचे...

पण नसेल विसरला तर?

ती उठायची, बसायची, पाणी प्यायची. मग पुन्हा तेच सुरू.

स्टुडिओत शेवटच्या लग्नांची झुंबड होती. आर्दी एकदाच आला, तोही घाईत. तिने कापडाच्या घड्या घालता घालता विचारलं, "तुमची परीक्षा घेऊ? लग्नाला कुठला काठ चालत नाही?"

त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाल तो," म्हणाला, आणि गेला. बोटावरची पट्टी अजून तशीच होती. हे काय उत्तर झालं? पालुपीला त्याच्या पाठीत कापडाची गुंडाळी फेकून मारावीशी वाटली.

दहाव्या दिवशी दुपारी क्लातेनची गाडी थांबली. ड्रायव्हरने एक पुडकं, एक चिठ्ठी आणि केळ्यांची एक मोठी फणी आणून ठेवली. बुलिकने चष्मा लावून चिठ्ठी वाचली. प्रमोनोच्या आईने फार गोड लिहिलं होतं. फोटो अतिशय सुंदर आहे, मात्र आमच्या साध्या घराच्या भिंतीवर त्याला शोभेल अशी जागा नाही. काठ पाहून आपल्या मनातलं समजलो. राग नाही. केळी घरच्या बागेतली आहेत.

"काठ पाहून?" बुलिकने पुडक्याचा कागद टराटरा फाडला. मग ती खुर्चीत बसली.

आणि नेमका त्याच वेळी आर्दी दारात आला. खांद्याला पिशवी. पाच वाजता सुराबायाची बस, तिथून बोट. तो निरोप घ्यायला आला होता.

"ये," बुलिक म्हणाली. "हे काय आहे?"

त्याने चौकटीकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली. "माझ्या हातून चूक झाली, बुलिक. मी परका माणूस. मला ही सगळी कापडं सारखीच दिसतात. पालुपीचा काही दोष नाही. ती तेव्हा दुकानात नव्हती."

झालं. विसरला होता तो! नऊ दिवस, नऊ रात्री पालुपी ज्या आशेवर तगली होती, ती आशा म्हणजे एक चुकीचा तुकडा.

"चूक?" बुलिकचा आवाज चढला. "सोळा वर्षं सांभाळलेली पोर माझी! चार गावांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस. स्टुडिओच्या मालकाला सांगून पुन्हा सोलोत पाय ठेवू देणार नाही तुला!"

"हो," तो म्हणाला. मान खाली.

आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. तो जाणारच होता. बुलिकचा राग चार दिवसांत निवला असता. पालुपीची अब्रू जागच्या जागी राहिली असती. पण तो एकटा तिथे मान खाली घालून उभा राहिलेला तिला बघवेना.

"बुलिक... काठ मी पाहिला होता."

"काय?"

"गाडी यायच्या आधी. अर्धा तास होता हातात. बदलता आला असता. मी नाही बदलला. सुतळी मीच बांधली." ती बोलतच राहिली. "त्याच्या हातून चुकून झालं. मी मुद्दाम केलं. मला क्लातेनला जायचं नव्हतं. मला... मला कुणीतरी दुसरंच आवडतं, आणि त्याला मी सांगितलेलं एक वाक्यसुद्धा आठवत नाही!"

आर्दी तिच्याकडे बघत होता, तोंड अर्धवट उघडं.

बुलिक मात्र त्याच्या बोटाकडे बघत होती.

"कुठला तुकडा लावलास रे?" तिने हळू आवाजात विचारलं.

"टोपलीतला... चिंध्यांच्या."

"टोपली मी लग्नघरी जायच्या आधी पहाटे रिकामी केली होती. चूल पेटवायला चिंध्या नेल्या मी." बुलिक उठली आणि कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीपाशी गेली. पेटीवर काचा रचलेल्या होत्या, एकावर एक. तिने त्या बोटाने मोजल्या. "परांग होतं ते ह्या पेटीत. वर अकरा काचा. अकरा काचा एकेक करून उतरवायच्या, पेटी उघडायची, तळातली गुंडाळी काढायची, पेटी लावायची आणि अकरा काचा पुन्हा रचायच्या, बोट कापून घेऊन. एवढ्या मेहनतीने चूक करतात होय तुमच्या बंजरमासीनला?"

आर्दीचे कान लाल झाले. पहिल्या दिवसांसारखे.

"कटर लागलं म्हणालात!" पालुपी म्हणाली.

"काच लागली." तो आता फक्त तिच्याशीच बोलत होता. "तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. घरचे लोक समजतात की हे लग्न मोडायचंय. मी एकदा ऐकलेलं विसरत नाही, पालुपी. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. म्हटलं, तू आल्यावर काठ बघशील. तुला क्लातेन हवं असेल तर वीस मिनिटांत बदलशील. आणि नाही बदललास तर..." तो अडखळला. "तर पुढचं मला सुचतच नव्हतं. नऊ दिवस विचारायलाही धजलो नाही."

"तू" म्हणाला होता तो. पालुपीच्या ते उशिरा लक्षात आलं, आणि मग दुसरं काही लक्षातच राहिना.

बुलिक पुन्हा खुर्चीत बसली. फणीतलं एक केळं तोडलं, सोललं, शांतपणे खाल्लं.

"प्रमोनोच्या आईने केळी मात्र गोड पाठवलीत," ती म्हणाली. मग पालुपीकडे न बघता, "मला 'नको' म्हणायला काय झालं होतं गं तुला? खाल्लं असतं का मी?"

"येईना, बुलिक. तोंडातून निघेचना."

"हं." बुलिकने साल बाजूला ठेवलं. "माझा फोटो गेला होता तेव्हा मलाही नव्हतं आलं." तिने पदराने नाक पुसलं, आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला. "परवा सुरो लागतोय. महिनाभर ह्या घरात लग्नाचं नाव नको. त्यानंतर तुझ्या आईला घेऊन ये, पोरा. पण तिला आधी फोटो तर दाखवशील? बोटीने जातोयसच, बरोबर घेऊन जा. आणि हा काठ..." तिने चौकट त्याच्यापुढे सरकवली. "ज्याने बिघडवला त्यानेच लावायचा. चांगलं बघ, चौथा कोपरा उघडा पडलाय. बंड करायचं तर निदान कोपरा तरी नीट जुळवायचा!"

असं म्हणून बुलिक उरलेली केळी घेऊन आत गेली.

आर्दीने फळीवरून सिदो आसिहची गुंडाळी काढली. ह्या वेळी त्याला कुणी दाखवावं लागलं नाही. पालुपीने कापडाचं एक टोक धरलं, त्याने दुसरं. पहिला कोपरा झाला. दुसरा झाला. तिसरा. चौथ्यापाशी त्याचा हात थांबला.

"इथे तुम्हाला नेहमी दुसरंच काहीतरी सुचतं," ती म्हणाली. "काय सुचतं?"

त्याने सांगितलं. अगदी हळू, तिच्या कानाशी. काय ते पालुपीने आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बुलिकलाही नाही.

गल्लीपलीकडच्या रस्त्यावरून सुराबायाच्या बसचा हॉर्न ऐकू आला. एकदा, दोनदा.

"बस चुकेल तुमची," ती म्हणाली.

"चुकू दे," तो म्हणाला. त्याने कापडाचा चौथा कोपरा पुन्हा उचलला आणि पहिल्यापासून जुळवायला घेतला.